टोपीवर हक्क कुणाचा? बेसबॉलच्या टोप्यांवरून चाललेला वाद

न्यूयॉर्क यांकीजची गडद निळी टोपी मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर वर्षानुवर्षं विकली जाते. तिच्यावरची एकमेकांत गुंतलेली एन आणि वाय ही अक्षरं आपल्याकडे सहज ओळखली जातात, पण ती टोपी घालणाऱ्या बहुतेकांनी बेसबॉलचा एक डावही पाहिलेला नसतो. अमेरिकेत मात्र टोपीवरच्या अक्षराचं वळण किंचित बदललं तरी चाहत्यांच्या नजरेतून सुटत नाही. मेजर लीगमध्ये आज तीस संघ आहेत. प्रत्येकाच्या टोपीचा रंग, अक्षराची ठेवण, पुढच्या पट्ट्याचा आकार, कडेला शिवलेलं कंपनीचं चिन्ह, यांतल्या कशावरही दोन तट पडू शकतात. आणि वाद घालता घालता माणसं हटकून इतिहासात शिरतात. अमुक टोपी चांगली का, तर ती घालून संघाने विजेतेपद मिळवलं. तमुक टोपी नकोशी का, तर ती आली आणि पाठोपाठ संघ गाव सोडून गेला.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाने इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. राष्ट्रीय संघाची क्रिकेट टोपी कमवावी लागते. ती पदार्पणाच्या सकाळी मैदानावर मानाने दिली जाते आणि प्रेक्षकाला मिळते ती फार तर तिची नक्कल. बेसबॉलमध्ये खेळाडूच्या डोक्यावर असते तीच, त्याच कापडाची आणि त्याच कंपनीची टोपी चाहता दुकानातून विकत घेतो. त्यामुळे तिच्याबद्दल बोलण्याचा हक्क आपल्यालाही आहे असं त्याला वाटतं, आणि मला ते रास्त वाटतं. हा हक्क कुठवर पोचतो हे मात्र कुणीच ठरवलेलं नाही. टोपीवरचे बहुतेक वाद फिरून याच प्रश्नाशी येतात.

गवती हॅट ते ‘५९फिफ्टी’

न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४९ साली आपला पोशाख ठरवला, तेव्हा निळी लोकरी पँट आणि पांढरा फ्लॅनेलचा शर्ट यांच्या जोडीला गवती काडीची हॅट होती. आजच्या टोपीचं मूळ सापडतं ते ब्रुकलिनच्या एक्सेलसियर संघात. १८६० च्या सुमारास या संघाचे खेळाडू गोल माथ्याची, वर मधोमध गुंडी असलेली आणि पुढे आखूड पट्टा असलेली टोपी घालत. हा पट्टा पुढे लांब आणि कडक होत गेला; बाकी रचना फारशी बदलली नाही. दीडशेहून अधिक वर्षं मूळ रूप टिकवून धरलेलं खेळाचं दुसरं वस्त्र मला चटकन आठवत नाही. तिची स्पर्धक होती सपाट माथ्याची, आडव्या पट्ट्यांची, डबीच्या आकाराची टोपी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी ती बरीच चालली आणि मग मागे पडली.

टोपीवर चित्र आलं ते डेट्रॉइटमध्ये. १९०१ साली टायगर्स संघाच्या काळ्या टोपीवर धावणारा छोटा लाल वाघ होता. यांकीजच्या चिन्हाची कथा जास्त सांगितली जाते. जॉन मॅकडॉवेल नावाचा न्यूयॉर्कचा पोलीस कर्तव्यावर असताना गोळी लागून जखमी झाला होता. त्याच्यासाठी टिफनी कंपनीने १८७७ साली एक पदक घडवलं आणि त्यावर ही गुंफलेली अक्षरं होती. संघाच्या मालकांपैकी एक, बिल डेव्हरी, हे शहराचे माजी पोलीसप्रमुख. १९०९ मध्ये ते चिन्ह संघाच्या पोशाखावर आलं. गंमत अशी की यांकीजच्या छातीवरचं चिन्ह आणि टोपीवरचं चिन्ह आजही एकसारखं नाही. दोन्हीकडची अक्षरं वेगळ्या वळणाची आहेत. परंपरेचा सगळ्यात कडवा पुरस्कार करणाऱ्या संघाच्याच घरी ही तफावत आहे आणि ती कुणाला मिटवावीशी वाटलेली नाही.

टोपीचा धंदा बफेलो शहरात वाढला. एरहार्ट कोख या जर्मन स्थलांतरिताने १९२० मध्ये न्यू एरा ही कंपनी काढली. १९३४ मध्ये तिने क्लीव्हलँडच्या संघासाठी टोप्या शिवल्या, १९५४ मध्ये ‘५९फिफ्टी’ हा नमुना आणला आणि १९९३ पासून मेजर लीगच्या मैदानावरच्या सगळ्या टोप्या एकट्या तीच पुरवते. ही टोपी डोक्याच्या मापानुसार घ्यावी लागते, कारण तिला मागे कमीजास्त करायची पट्टी नसते. पट्टा कारखान्यातून सपाट येतो. तो वाकवून गोलसर करायचा की तसाच ठेवायचा यावर पिढ्यांमध्ये मतभेद आहेत. २००७ मध्ये लोकरीच्या जागी पॉलिस्टर आलं. घाम शोषणं, धुणं, आटणं या सगळ्या दृष्टीने खेळाडूंना ते सोयीचं झालं. जुन्या चाहत्यांची तक्रार अशी की लोकरीची टोपी घालणाऱ्याच्या डोक्याचा आकार घेई, उन्हात विटे, तिच्यावर घामाचे पांढरे डाग पडत, आणि त्या डागांवरून ती किती हंगाम वापरली हे कळे.

न बदलण्याची बाजू

पहिली भूमिका परंपरावाद्यांची. यांकीज, डेट्रॉइट, सेंट लुईस, लॉस एंजेलिस डॉजर्स ही त्यांची ठरलेली उदाहरणं. एक गडद रंग, एक-दोन अक्षरं, आणखी काही नाही. त्यांचा युक्तिवाद वरवर सौंदर्याचा असला तरी मुळात तो सातत्याचा आहे. आजोबांनी जी टोपी घातली तीच नातवाने घालावी. बेसबॉल हा आकडेवारीने पिढ्या जोडणारा खेळ आहे. १९२७ चा फलंदाज आणि आजचा फलंदाज यांची तुलना त्यात रोज होते, म्हणून खेळाडू दिसायलाही एकाच घराण्यातले हवेत.

या बाजूचं बळ नाकारता येत नाही. मिनेसोटाचं उदाहरण घ्या. १९६१ मध्ये वॉशिंग्टनचा संघ तिथे आला, तेव्हा मिनियापोलिस आणि सेंट पॉल या शेजारी शहरांची चुरस लक्षात घेऊन टोपीवर एम हे अक्षर टाळलं गेलं आणि जुळ्या शहरांसाठी टी आणि सी ही अक्षरं गुंफली गेली. न्यूयॉर्क मेट्स १९६२ मध्ये जन्मले ते डॉजर्स आणि जायंट्स शहर सोडून कॅलिफोर्नियाला गेल्यावर. त्यांनी डॉजर्सचा निळा घेतला, जायंट्सचा नारिंगी घेतला आणि जायंट्सच्याच धर्तीची अक्षरं घेतली. दोन गमावलेल्या संघांचं दुःख एका टोपीत शिवलेलं आहे. असा ऐवज बाजाराच्या लहरीवर सोडू नये, हे म्हणणं मला मनापासून पटतं.

पण परंपरा नेमकी कुठल्या वर्षापासून मोजायची, याचं उत्तर या गोटाकडे नाही. प्रत्येकाची परंपरा साधारण त्याच्या वयाच्या दहाव्या वर्षी सुरू होते, असं चाहत्यांच्या बोलण्यावरून दिसतं.

रंग उधळण्याची बाजू

दुसरी भूमिका म्हणते की हा खेळ करमणुकीचा आहे आणि करमणुकीला रंग शोभतो. चार्ल्स फिनली या हट्टी मालकाने १९६३ मध्ये कॅन्सस सिटीच्या अ‍ॅथलेटिक्सना हिरव्या-सोनेरी पोशाखात उतरवलं तेव्हा थट्टा झाली. पुढे ओकलंडमध्ये त्याच रंगांत संघाने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन विजेतेपदं मिळवली आणि थट्टा थांबली. सिअ‍ॅटल पायलट्स हा संघ १९६९ चा एकच हंगाम जगला. त्याच्या टोपीच्या पुढच्या पट्ट्यावर जहाजाच्या कप्तानासारखी सोनेरी नक्षी होती. संघ कुणाला फारसा आठवत नाही, टोपी आठवते.

१९७६ मध्ये नॅशनल लीगला शंभर वर्षं झाली, तेव्हा काही संघांनी ती जुनी डबीच्या आकाराची टोपी पुन्हा घातली. बाकीच्यांनी ती हंगामाबरोबर सोडली, पिट्सबर्ग पायरेट्सनी १९८६ पर्यंत ठेवली. विली स्टारजेल हा त्यांचा ज्येष्ठ खेळाडू चांगल्या कामगिरीबद्दल सहकाऱ्यांना भरतकाम केलेले छोटे तारे वाटायचा आणि खेळाडू ते टोपीवर शिवून घ्यायचे. १९७९ मध्ये पायरेट्स जिंकले तेव्हाच्या छायाचित्रांत त्या टोप्यांवर ताऱ्यांची दाटी दिसते. कंपनीने किंवा मालकाने आखून न देता टोपी खेळाडूंची स्वतःची झाल्याचं यापेक्षा सुंदर उदाहरण मला माहीत नाही. परंपरावाद्यांना ती टोपी आजही कुरूप वाटते. तारे मात्र कुणी नाकारत नाही.

मिल्वॉकी ब्रूअर्सच्या टोपीवर थोडं थांबायला हवं. संघाने चिन्हासाठी स्पर्धा ठेवली आणि टॉम माइंडेल या कलाशाखेच्या विद्यार्थ्याचं चित्र निवडलं. १९७८ पासून ते वापरात आलं. पहिल्या नजरेला तो चेंडू झेलणारा हातमोजा दिसतो. नीट पाहिलं की चार बोटांमध्ये लहान लिपीतला एम आणि अंगठा व तळवा मिळून बी दिसू लागतो. वर्षानुवर्षं ती टोपी घालूनही ही अक्षरं न दिसलेले चाहते भेटतात, आणि ती दिसल्याचा क्षण ते आवर्जून सांगतात. १९९३ नंतर संघाने हे चिन्ह काढलं. चाहते ते मागत राहिले, जुन्या टोप्या घालत राहिले, आणि २०२० मध्ये ते किंचित घासूनपुसून परत आलं.

परतीची लाट

ब्रूअर्स एकटे नव्हते. बॉल्टिमोर ओरिओल्सचा हसरा पक्षी २०१२ मध्ये टोपीवर परतला, टोरांटोने त्याच वर्षी जुन्या निळ्या पक्ष्याकडे तोंड वळवलं, ह्यूस्टन २०१३ मध्ये नारिंगीवर आलं. सॅन दिएगो पॅड्रेसचा तपकिरी रंग एके काळी टिंगलीचा विषय होता. संघाने तो सोडून गडद निळा घेतला आणि इतर डझनभर निळ्या संघांत हरवून गेला. चाहत्यांनी तपकिरी परत आणण्याची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली आणि २०२० पासून तो परत आला.

इथे दोन अर्थ लावले जातात. एक म्हणजे चाहत्यांचा आवाज पोचतो. दुसरा म्हणजे आठवणींना भाव आला, म्हणून मालकांनी त्या विकायला काढल्या. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मला यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की परत आलेल्या टोप्या बहुतेक सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या आहेत, म्हणजे त्या काळी लहान असलेल्या आणि आता खिशात पैसे असलेल्या पिढीच्या. पुढच्या पिढीचा गतकाळ वेगळा असेल, आणि नव्वदच्या दशकातल्या ज्या टोप्या आज वाईट मानल्या जातात त्यांच्याही परतीची मागणी होईल.

बाजार आणि शहर

१९९६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत, चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली लाल रंगाची यांकीज टोपी घालून बसले. आपल्या लाल जॅकेटला शोभेल अशी टोपी त्यांनी न्यू एराकडून मुद्दाम बनवून घेतली होती. यांकीजचा रंग लाल कधीच नव्हता. त्या एका टोपीनंतर संघाचं चिन्ह कुठल्याही रंगात विकता येतं हे कंपनीच्या लक्षात आलं. टोपी मैदानापासून सुटी झाली ती तेव्हापासून, आणि फॅशन स्ट्रीटवरची गुलाबी यांकीज टोपी त्याच वाटेवरची.

२०२१ मध्ये नाइकी कंपनी आणि लीग यांनी ‘सिटी कनेक्ट’ नावाने शहराशी नातं सांगणारे पोशाख आणले. बॉस्टन रेड सॉक्सच्या वाट्याला तिथल्या मॅरेथॉनच्या अंतिम रेषेचे पिवळा आणि फिका निळा हे रंग आले. नावातच लाल असलेला संघ पिवळ्यात उतरला तेव्हा शहरात कुरकुर झाली. मग सप्टेंबरमध्ये त्याच पोशाखात विजय मिळत गेले, खेळाडूंनी तो घालणं चालू ठेवलं आणि कुरकुर बरीच निवळली. वॉशिंग्टनच्या पोशाखावरच्या चेरीच्या फुलांना पहिल्या दिवसापासून प्रेम मिळालं. लॉस एंजेलिसमध्ये टोपीवर ‘लॉस डॉजर्स’ असं लिहिलं गेलं. मेक्सिकन वंशाचे चाहते संघाला पूर्वीपासून याच नावाने हाक मारतात, पण ते नुसतं टोपीवर छापणं पुरेसं आहे का, हा प्रश्न तिथे विचारला गेला. समर्थकांच्या मते या पोशाखांनी शहरातल्या दुर्लक्षित वस्त्यांना पहिल्यांदा टोपीवर जागा दिली. विरोधकांच्या मते शहराची ओळख कंपनीच्या बैठकीत ठरत नसते.

घाईने काढलेल्या टोप्यांनी विरोधकांना आयते पुरावे दिले. मे २०२१ मध्ये न्यू एराने स्थानिक खाणाखुणा आणि दूरध्वनीचे विभाग क्रमांक कोंबलेल्या टोप्या आणल्या आणि चौफेर टीका होताच मागे घेतल्या. मार्च २०२५ मध्ये संघाचं नाव आणि त्यावर चिन्ह चढवलेल्या टोप्या आल्या. त्यात टेक्सास रेंजर्सच्या टोपीवर मधलं अक्षर झाकलं जाऊन स्पॅनिशमधला एक असभ्य शब्द तयार झाला. टेक्सासमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या केवढी मोठी आहे हे पाहता, ती टोपी दुकानात पोचेपर्यंत ते कुणाच्याच ध्यानात येऊ नये हे गंभीर आहे.

२०१६ पासून मैदानावरच्या टोपीच्या डाव्या बाजूला न्यू एराचं स्वतःचं छोटं चिन्ह आलं. ते सरावाने दिसेनासं झालं आहे असं काही म्हणतात. काहींच्या मते जाहिरातींना दार तिथेच उघडलं, कारण २०२३ पासून जर्सीच्या बाहीवर आणि २०२४ च्या अंतिम फेऱ्यांपासून हेल्मेटवर प्रायोजक आले. टोपीचा पुढचा भाग अजून मोकळा आहे.

क्लीव्हलँडचा चेहरा

या साऱ्या वादांत सर्वांत खोल वाद क्लीव्हलँडचा. १९४७ मध्ये मालक बिल व्हेक यांनी संघासाठी चिन्ह मागवलं आणि वॉल्टर गोल्डबाख या सतरा वर्षांच्या मुलाने मूळनिवासी माणसाचं व्यंगचित्र काढलं. १९५१ मध्ये ते बदललं: लाल चेहरा, मोठे दात, डोक्यात पीस. ‘चीफ वाहू’ या नावाने ते सात दशकं राहिलं.

चिन्ह ठेवण्याच्या बाजूचे लोक सगळे द्वेष्टे नव्हते, हे नोंदवायला हवं. १९४८ चं विजेतेपद हे क्लीव्हलँडचं शेवटचं. ते वडिलांबरोबर पाहिलेल्या मुलासाठी तो चेहरा म्हणजे वडिलांची आठवण होती. संघाचं जुनं नाव लुई सॉकालेक्सिस या पेनॉब्स्कॉट जमातीच्या, १८९७ मध्ये क्लीव्हलँडकडून खेळलेल्या खेळाडूच्या सन्मानार्थ ठेवलं गेलं, असंही सांगितलं जाई. इतिहासकारांनी या कथेवर बऱ्याच शंका घेतल्या आहेत. विरोधकांचं म्हणणं साधं होतं: जिवंत समाजाचा चेहरा हे शुभंकर असू शकत नाही. शहरातल्या मूळनिवासी संस्थेने १९७२ मध्येच दावा दाखल केला होता, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी मैदानाबाहेर निदर्शनं होणं ही प्रथाच झाली. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २००५ मध्ये अशी सगळी चिन्हं हटवावीत असं आवाहन केलं.

खुद्द मूळनिवासींना काय वाटतं यावर पाहण्या एकमेकींशी जुळत नाहीत. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाच्या, मूळनिवासींवरून ठेवलेल्या जुन्या नावाबद्दल वॉशिंग्टन पोस्टने २०१६ मध्ये विचारलं, तेव्हा दहापैकी नऊ जणांनी आपल्याला राग येत नाही असं सांगितलं. २०२० च्या एका विद्यापीठीय अभ्यासात जवळपास निम्म्यांना ते नाव अपमानकारक वाटलं. प्रश्न कुणाला आणि कसा विचारला यावर बरंच अवलंबून आहे. माझं मत असं की अपमान झालेल्यांची टक्केवारी मोजून हा प्रश्न सुटणारा नव्हता आणि चिन्ह गेलं हे बरं झालं. २०१८ च्या हंगामानंतर ते पोशाखावरून उतरलं. २०२१ च्या हंगामानंतर संघ ‘गार्डियन्स’ झाला, शहरातल्या पुलावरच्या रक्षकमूर्तींवरून.

वाद मात्र संपलेला नाही. मालकी हक्क टिकवण्यासाठी त्या चिन्हाच्या थोड्या वस्तू विकत राहणं संघाला कायद्याने भाग पडतं. विक्री पूर्ण थांबवली तर कुणीही ते छापू शकेल. शिवाय जुनी टोपी घालून मैदानात येणाऱ्याला कुणी अडवत नाही. अटलांटा ब्रेव्ह्जनी तसाच एक जुना ओरडणारा चेहरा २०१३ च्या सरावाच्या टोपीसाठी काढला होता आणि टीकेनंतर टाकून दिला. नाव मात्र ठेवलं. नाव आणि चित्र यांत रेष कुठे ओढायची, यावर एकमत नाही.

झाकलेला इतिहास

१९२० मध्ये रूब फॉस्टर यांनी कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीगची स्थापना केली, कारण कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरेपर्यंत ती बंदच राहिली. कॅन्सस सिटी मोनार्क्स, होमस्टेड ग्रेज, न्यूअर्क ईगल्स या संघांच्या टोप्या अनेक दशकं कुठे विकतही मिळत नव्हत्या. १९८८ मध्ये सिअ‍ॅटलला सुरू झालेल्या एबेट्स फील्ड फ्लॅनेल्स या छोट्या कंपनीने जुनी छायाचित्रं पाहून, खऱ्या लोकरीत त्या पुन्हा शिवल्या आणि पुष्कळांना हा इतिहास आधी त्या टोपीतून कळला.

२०२० हे शताब्दीचं वर्ष महासाथीत सापडलं आणि सोहळे रद्द झाले. तेव्हा कॅन्सस सिटीच्या निग्रो लीग संग्रहालयाने टोपी उंचावून वंदन करण्याची मोहीम काढली. त्यात कार्टर, क्लिंटन, बुश आणि ओबामा या चार माजी राष्ट्राध्यक्षांनी टोपी काढली. त्याच डिसेंबरमध्ये मेजर लीगने कृष्णवर्णीयांच्या अशा सात लीगना मेजर दर्जा दिला, आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी मुख्य नोंदींत घेतल्यावर जॉश गिब्सन ०.३७२ च्या सरासरीने सर्वकालीन यादीत पहिला आला. मेजर लीगचे संघ आता वर्षातून एखाद्या दिवशी या जुन्या टोप्या घालतात. त्याकडे आदर म्हणून पाहणारे आहेत. ज्यांना दारातून आत घेतलं नाही त्यांचीच टोपी आज विकायला ठेवली जाते, ही गोष्ट ज्यांना खुपते असेही आहेत. त्या विक्रीतला वाटा खेळाडूंच्या वारसांना आणि संग्रहालयाला किती मिळावा, यावरची चर्चा अजून पुरेशी झालेली नाही.

शिस्त, शोक आणि डोकं

दोन छोटे पण महत्त्वाचे प्रश्न. नियमाप्रमाणे संघाच्या सगळ्या खेळाडूंचा पोशाख सारखा हवा. २१ सप्टेंबर २००१ रोजी, ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये पहिला सामना झाला, तेव्हा मेट्सचे खेळाडू पोलीस आणि अग्निशमन दलाच्या टोप्या घालून खेळले. दहाव्या स्मृतिदिनी त्यांना पुन्हा तसंच करायचं होतं. लीगने सगळीकडे एकच नियम हवा म्हणून परवानगी नाकारली. २०२१ मध्ये मात्र मेट्स आणि यांकीज दोघांनीही त्या घातल्या. २०११ चा नकार चुकीचा होता असं मला वाटतं, पण प्रत्येक संघ प्रत्येक शोकासाठी टोपी बदलू लागला तर काय, ही लीगची शंका पोकळ नव्हती.

दुसरा प्रश्न पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा. बॅटरला १९७१ पासून हेल्मेट सक्तीचं आहे, पण परत येणाऱ्या चेंडूसमोर पिचर नुसत्या कापडी टोपीनिशी उभा असतो. सप्टेंबर २०१२ मध्ये ब्रँडन मॅकार्थी याच्या कवटीला फ्रॅक्चर झालं. २०१४ मध्ये लीगने आत संरक्षक थर असलेल्या टोपीला मान्यता दिली. पॅड्रेसच्या अ‍ॅलेक्स टॉरेसने ती मैदानावर घातली आणि तिच्या फुगीर आकारावरून त्याची चेष्टा झाली. जवळपास कुणीच त्याच्यामागे गेलं नाही. टोपीच्या देखणेपणाची किंमत कधी कधी इतकी मोठी असू शकते.

संघ जातो, टोपी उरते

माँट्रियल एक्स्पोज १९६९ ते २००४ खेळले. लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांच्या त्यांच्या टोपीवरच्या चिन्हात नेमकी कुठली अक्षरं आहेत यावर आजही एकवाक्यता नाही. १९९४ मध्ये ७४ विजय आणि ४० पराभव अशा कामगिरीनिशी ते साऱ्या लीगमध्ये पुढे असताना संप झाला आणि वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. त्या धक्क्यातून संघ सावरला नाही. २००५ मध्ये तो वॉशिंग्टनला जाऊन नॅशनल्स झाला. एक्स्पोजच्या निवृत्त केलेल्या क्रमांकांचा फलक त्याच वर्षी माँट्रियलच्या आइस हॉकी मैदानात लावला गेला. दुसऱ्या खेळाच्या संघाला हा वारसा सांभाळावा लागला. टोपी आजही अमेरिका-कॅनडात विकली जाते. ती विकण्याचे हक्क लीगकडे आहेत, गावाकडे नाहीत.

टोपी कुणाची, हाच प्रश्न कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये कांस्याच्या फलकावर कोरला जातो. अनेक संघांतून खेळलेल्या खेळाडूच्या डोक्यावर कुठली टोपी दाखवायची? पूर्वी खेळाडूची इच्छा बहुधा मानली जाई. काही संघ त्यासाठी पैसे मोजत असल्याच्या चर्चेनंतर २००१ पासून अंतिम निर्णय हॉलने स्वतःकडे घेतला. गॅरी कार्टर यांना १९८६ चं विजेतेपद जिंकून देणाऱ्या मेट्सची टोपी चालली असती, पण २००३ मध्ये फलकावर एक्स्पोजची आली. आंद्रे डॉसन यांना शिकागो कब्ज हवे होते. २०१० मध्ये त्यांच्याही वाट्याला एक्स्पोजच आले. ग्रेग मॅडक्स आणि टोनी ला रूसा यांनी २०१४ मध्ये, आणि रॉय हॅलडे यांच्या कुटुंबाने २०१९ मध्ये, चिन्हाविना कोरी टोपी पसंत केली.

हॉलचा युक्तिवाद असा की फलक हा इतिहासाचा दस्तऐवज आहे, खेळाडूने सर्वाधिक काम जिथे केलं ते त्यावर दिसावं. त्यामुळे दोन खेळाडू नाराज झाले, पण आज जगात नसलेल्या संघाला कायमची जागा मिळाली. खेळाडूंच्या बाजूचे विचारतात, माणसाने स्वतःला कुठलं समजावं हे संस्था कशी ठरवणार? डॉसन यांनी २०२३ मध्ये टोपी बदलण्याची लेखी विनंती केली. फलक बदलल्याची उदाहरणं आहेत: रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या नावाचा क्रम २००० मध्ये सुधारला गेला, जॅकी रॉबिन्सन यांच्या फलकावरचा मजकूर २००८ मध्ये नव्याने लिहिला गेला. टोपी मात्र अजून कुणाची बदललेली नाही. माझा कल डॉसन यांच्याकडे आहे, जरी त्यात माँट्रियलचं नुकसान आहे हे दिसत असलं तरी.

आता हाच प्रश्न ओकलंडपुढे आहे. अ‍ॅथलेटिक्स फिलाडेल्फियाहून कॅन्सस सिटीला, तिथून ओकलंडला आले आणि २०२४ च्या हंगामानंतर तेही शहर सोडून गेले. सध्या ते सॅक्रामेंटोत, नावापुढे कुठलंच शहर न लावता खेळतात, आणि २०२८ मध्ये लास व्हेगासला जाण्याचा त्यांचा बेत आहे. हिरवी-सोनेरी टोपी त्यांनी बरोबर नेली. ओकलंडमधल्या काही चाहत्यांनी ती कपाटात ठेवली आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या बॉलर्स या छोट्या लीगमधल्या स्थानिक संघाची, बी अक्षराची टोपी घेतली. बाकीचे जुनीच घालतात आणि ती मालकाची नाही, गावाची आहे असं सांगतात. फिनली यांनी निवडलेले रंग आणि ओकलंडने पाहिलेली चार विजेतेपदं लास व्हेगासच्या खात्यात जाणार की कसं, यावर लीगकडे नियम नाही. प्रत्येक वेळी मालक ठरवतो तसं होतं.